सिगुर्ड आणि फाफ्निर: ड्रॅगन मारणाऱ्या वीराची गोष्ट वाचायला सुरुवात कुठून करावी

उत्तर युरोपच्या दंतकथांमध्ये ड्रॅगनला भिडणारे वीर बरेच आहेत. जुन्या इंग्रजी काव्यातला बेओवुल्फ म्हातारपणी ड्रॅगनशी लढतो आणि त्याला मारता मारता स्वतःही मरतो. पण ड्रॅगन मारणारा वीर म्हटलं की पहिलं नाव येतं ते सिगुर्डचं. आइसलँड-नॉर्वेकडे तो सिगुर्ड, जर्मनीत तोच झीगफ्रीड. माणूस एक, गोष्टी मात्र दोन, आणि नव्या वाचकाची दमछाक होते ती इथेच. व्हिडिओ गेम, ऑपेरा, वेब सिरीज यांतून तुकडे कानावर आलेले असतात: ड्रॅगनच्या रक्तातली आंघोळ, पाठीवर चिकटलेलं पान, पक्ष्यांची भाषा, आगीच्या वेढ्यात झोपलेली स्त्री, नदीत बुडवलेलं सोनं. हे सगळं एकाच पुस्तकात असेल अशा समजुतीने माणूस पुस्तक उघडतो आणि अर्ध्या गोष्टी सापडतच नाहीत. त्या वेगवेगळ्या पुस्तकांत आहेत. म्हणून कुठलं पुस्तक आधी आणि त्यातला कुठला भाग आधी, हे ठरवून वाचलेलं बरं. वाचन बहुतेक इंग्रजीतून करावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

पायरी १: आधी नावं लावून घ्या

एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे नॉर्स, म्हणजे आइसलँड-नॉर्वेकडची नावं, उजवीकडे जर्मन. नायक सिगुर्ड, तोच झीगफ्रीड. त्याची बायको गुड्रुन, जर्मनमध्ये क्रीमहिल्ड. बायकोचा भाऊ गुन्नार, तिकडे गुंथर. ज्या स्त्रीपायी सगळं बिघडतं ती ब्रिनहिल्ड, तिकडे ब्रुनहिल्ड. हूणांचा राजा आटली, तिकडे एट्झेल. इतिहासातला अटिला तो हाच.

इथपर्यंत सोपं आहे. खड्डे पुढे आहेत. नॉर्स गोष्टीत ग्रिमहिल्ड नावाची बाई येते, ती गुड्रुनची आई, म्हणजे सिगुर्डची सासू. ‘क्रीमहिल्ड’ आणि ‘ग्रिमहिल्ड’ यांची हमखास सरमिसळ होते, आणि मग सासू आणि बायको एकच समजून वाचणारा पार भरकटतो. दुसरा खड्डा ह्योग्नी आणि हागेनचा. नाव मुळात एकच, पण नॉर्समध्ये ह्योग्नी हा गुन्नारचा भाऊ आहे आणि सिगुर्डला मारू नका म्हणून सांगणारा आहे. जर्मनमध्ये हागेन हा दरबारचा सरदार आहे आणि भाला तोच मारतो. आटलीचंही तसंच. नॉर्समध्ये तो सिगुर्डनंतर गुड्रुनचा नवरा होतो आणि सोन्यासाठी तिच्या भावांना घरी बोलावून ठार करतो, तर जर्मन काव्यात सभ्य, काहीसा हतबल यजमान. त्यामुळे कागदावर नावांसमोर ‘कोण काय करतो’ हेही लिहा. नुसती नावं जुळवून भागत नाही.

पायरी २: व्होल्सुंगा सागा उघडा, पण पहिल्या पानापासून नको

सुरुवात व्होल्सुंगा सागापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. ही तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिली गेलेली गद्य कथा. अज्ञात लेखकाने जुनी काव्यं समोर ठेवून सगळी गोष्ट सलग लावून दिली आहे. वाक्यं तुटक, वर्णनं जवळजवळ नाहीत, माणसं मोजकं बोलतात. विल्यम मॉरिस आणि आइरिकुर मॅग्नुसन यांचं १८७० चं इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं, पण त्याची इंग्रजी मुद्दाम जुनाट केलेली आहे आणि नव्या वाचकाला त्याचा जाच होतो. पैसे खर्चायची तयारी असेल तर जेसी बायॉक यांचं १९९० चं किंवा जॅक्सन क्रॉफर्ड यांचं २०१७ चं भाषांतर घ्या.

पहिली बारा प्रकरणं सिगुर्डच्या वाडवडिलांची आहेत. त्यात भावाबहिणीचा संबंध आहे, लांडग्याची कातडी पांघरून लांडगा होणं आहे, पोटच्या पोरांना मारवणं आहे. ती नंतर वाचा. सध्या त्यातलं एकच प्रकरण पुरे: साधारण तिसरं. एकडोळ्या म्हातारा, म्हणजे ओडिन देव, भर लग्नात दिवाणखान्यातल्या झाडाच्या खोडात तलवार खुपसून निघून जातो आणि ती फक्त सिग्मुंडला उपसता येते. हा सिग्मुंड सिगुर्डचा बाप. पुढे त्याच्या शेवटच्या लढाईत तोच देव ती तलवार मोडतो. तुकडे आई जपून ठेवते. एवढं माहीत असलं की थेट तेराव्या प्रकरणावर या आणि विसाव्यापर्यंत सलग वाचा. आवृत्तीनुसार आकडा एखाद्याने पुढेमागे होतो. एका बैठकीत होण्याएवढाच मजकूर आहे.

आधी सोन्याची हकीकत नीट समजून घ्या, कारण सगळ्या गोष्टीचा कणा ती आहे. ओडिन, होनिर आणि लोकी हे तीन देव फिरत असताना धबधब्यापाशी एक ऊदमांजर मासा खात बसलेलं दिसतं. लोकी दगड मारतो, ऊदमांजर मरतं. रात्री ज्या ह्राइड्मारच्या घरी ते मुक्कामाला जातात, त्यालाच मोठ्या ऐटीत कातडं दाखवतात. ते ऊदमांजर म्हणजे रूप बदलून मासे मारणारा त्याचा मुलगा असतो. भरपाई ठरते: कातडं आतून सोन्याने भरायचं आणि बाहेरूनही सोन्याने झाकायचं. लोकी आन्द्वारी नावाच्या बुटक्याला पकडून त्याचं सगळं सोनं काढून घेतो, बोटातली शेवटची अंगठीसुद्धा. बुटका शाप देतो, की ज्याच्याकडे ही अंगठी आणि हे सोनं जाईल त्याचा जीव जाईल. कातडं झाकून होतं. ह्राइड्मार वाकून बघतो, तर मिशीचा एक केस उघडा! तो झाकायला ओडिनला अंगठी काढून द्यावी लागते. मग फाफ्निर हा मुलगा बापालाच मारतो, सोनं घेऊन माळरानावर जातो आणि त्याच्यावर पसरून पडून राहता राहता ड्रॅगन होतो. दुसरा मुलगा रेगिन लोहार होतो आणि सिगुर्डला वाढवतो.

म्हणजे ड्रॅगन हा मुळात माणूस आहे आणि त्याला मारायला सांगणारा त्याचा सख्खा भाऊ आहे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा, मग रेगिनच्या प्रत्येक वाक्याला वास येतो.

तलवारीचं प्रकरण छोटं आणि झकास आहे. रेगिनने घडवलेली पहिली तलवार सिगुर्ड ऐरणीवर मारतो, मोडते. दुसरीही मोडते. मग आईकडून बापाच्या तलवारीचे तुकडे आणतो. त्यातून घडते ग्राम. ती ऐरण खालपर्यंत चिरते, आणि नदीत सोडलेला लोकरीचा पुंजका वाहत येऊन पात्याला लागताच दोन होतो. घोडा ग्रानी, तो निवडायला मदत करतो पुन्हा एक दाढीवाला म्हातारा. असा अनोळखी म्हातारा दिसला की कागदावर खूण करत चला.

पायरी ३: ड्रॅगनचा प्रसंग सावकाश वाचा

घाई करणाऱ्याला हा प्रसंग फसवतो, कारण लढाई अशी नाहीच. दोघं माळावर येतात तेव्हा फाफ्निर पाणी प्यायला जातो तो कडा तीस वाव उंच आहे. सिगुर्ड म्हणतो, तू तर म्हणाला होतास की हा इतर सापांएवढाच आहे, पण खुणा बघ केवढ्या! रेगिन सांगतो, वाटेत खड्डा खण, त्यात बस आणि तो वरून सरपटत जाईल तेव्हा काळजात तलवार घाल. सिगुर्ड विचारतो, रक्ताचा लोंढा अंगावर आला तर? रेगिन त्याला भित्रा ठरवतो आणि स्वतः घाबरून लांब जाऊन बसतो. तेवढ्यात दाढीवाला म्हातारा येतो आणि सांगतो, एक नाही, बरेच खड्डे खण, म्हणजे रक्त वाहून जाईल. रेगिनला हे सुचलं नसेल असं वाटतं का तुम्हाला?

फाफ्निर विष फुंकत येतो. सिगुर्ड त्याच्या डाव्या खांद्याखाली मुठीपर्यंत तलवार घालतो; बाहेर काढतो तेव्हा हात खांद्यापर्यंत रक्ताने माखलेले असतात. झालं, लढाई संपली. आग ओकणं नाही, पंखांची फडफड नाही. मनात असलेलं पंखवाल्या ड्रॅगनचं चित्र इथे पुसून टाका. हा जमिनीवर सरपटणारा अजस्र सर्प आहे.

खरं नाट्य त्यानंतरच्या संवादात आहे. मरता मरता ड्रॅगन विचारतो, तू कोण, कुणाचा? सिगुर्ड खोटंच सांगतो. मरणाऱ्याने नाव घेऊन शाप दिला तर तो लागतो अशी त्या काळची समजूत होती, असं एड्डा या जुन्या काव्यसंग्रहातल्या काव्यात मध्येच गद्यात स्पष्ट केलं आहे. पण ड्रॅगन टोमणा मारतो आणि पोरगा नाव सांगून बसतो. फाफ्निर बजावतो, हे सोनं तुझा जीव घेईल, सोडून दे. सिगुर्डचं उत्तर साधारण असं आहे, की मरायचं तर प्रत्येकाला एका दिवशी आहेच, तोवर धन कुणाला नको असतं? शाप ऐकूनही तो सोनं घेतो. त्याला फसवून कुणी दिलेलं नाही.

मग रेगिन परत येतो, भावाचं रक्त पितो आणि काळीज भाजून दे म्हणतो. सिगुर्ड ते सळीवर भाजतो. शिजलंय का बघायला बोट लावतो, चटका बसतो, बोट तोंडात घालतो; जिभेला रक्त लागताच त्याला पक्ष्यांचं बोलणं समजायला लागतं. पक्षी म्हणत असतात, रेगिन याला मारणार आहे. सिगुर्ड रेगिनचं डोकं उडवतो, सोनं दोन पेट्यांत भरून घोड्यावर लादतो. ग्रानी जागचा हलत नाही. सिगुर्ड वर बसतो तेव्हा उधळतो.

पायरी ४: आता एड्डातली काव्यं

सागा ज्यांवर उभी आहे ती काव्यं ‘कोडेक्स रेगियस’ या चामडी पानांच्या छोट्या हस्तलिखितात आहेत. ते १२७० च्या सुमारास आइसलँडमध्ये लिहिलं गेलं. १६४३ मध्ये ते स्काल्होल्टचे बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सन यांच्या हाती आलं, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश युद्धनौकेतून परत आलं, तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर लोकांची ही गर्दी झाली होती.

त्यातली ‘रेगिन्सम्याल’ आणि ‘फाफ्निस्म्याल’ ही दोन आधी वाचा. सिगुर्डवरचं पहिलं काव्य ‘ग्रीपिस्पा’ मात्र टाळा: त्यात सिगुर्डचा मामा त्याचं सगळं आयुष्य भविष्य म्हणून आधीच सांगून टाकतो. भाषांतर कॅरोलिन लॅरिंग्टन यांचं चांगलं आहे. फुकट हवं असेल तर हेन्री अ‍ॅडम्स बेलोज यांचं १९२३ चं चालेल.

पुढे जाताना एक भगदाड लागेल. आगीच्या वेढ्यात झोपलेल्या ब्रिनहिल्डला सिगुर्ड जागी करतो त्यानंतर हस्तलिखिताची आठ पानं गायब आहेत, आणि पुढचं काव्य मधूनच सुरू होतं तेव्हा त्याला मारायची बोलणी चाललेली असतात. पुस्तकाची छपाई चुकली असं समजू नका. मधली गोष्ट सागा सांगते: दोघांच्या आणाभाका, सासूने पाजलेलं विस्मरणाचं पेय, गुड्रुनशी लग्न, मग गुन्नारचं रूप घेऊन ब्रिनहिल्डसाठी आग ओलांडणं आणि तीन रात्री दोघांच्या मध्ये ठेवलेली नागडी तलवार. शेवटी नदीवर केस धुताना दोन जावा-नणंदांसारखं भांडण होतं, गुड्रुन अंगठी दाखवते आणि सगळं फुटतं.

सिगुर्ड कसा मेला? याच हस्तलिखितात एक छोटी टीप आहे: कुणी म्हणतात घराबाहेर मारलं, कुणी म्हणतात अंथरुणात, आणि जर्मन लोक सांगतात की जंगलात. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यालाही पाठभेद ठाऊक होते आणि त्याने ते तसेच नोंदवले. तुम्हीही ‘खरी गोष्ट कुठली’ या वादात पडू नका.

पायरी ५: दगडावर परीक्षा द्या

स्वीडनमध्ये एस्किलस्टुनाजवळ राम्सुंड इथे सपाट खडकावर १०३० च्या आसपासचं कोरीवकाम आहे. ही गोष्ट कागदावर उतरायच्या दोनशे वर्षं आधीचं. त्याचा मोठा फोटो शोधा आणि कुठलंही स्पष्टीकरण न वाचता पाहा. रून या जुन्या लिपीतल्या अक्षरांची जी पट्टी दिसते तेच फाफ्निरचं शरीर आहे. खालून एक माणूस त्या पट्टीत तलवार खुपसतोय. आत एकजण विस्तवापाशी बसून अंगठा तोंडात घालतोय. झाडावर पक्षी, झाडाला बांधलेला घोडा, पाठीवर ओझं. डावीकडे मुंडकं तुटलेला माणूस आणि त्याच्याभोवती हातोडा, सांडशी, भाता. कोपऱ्यात एक प्राणी: ऊदमांजर. सगळं ओळखता आलं तर पायरी २ आणि ३ पक्क्या झाल्या. मजा म्हणजे अक्षरांत सिगुर्डचं नावच नाही; सिग्रिड नावाच्या बाईने नवऱ्याच्या आत्म्यासाठी पूल बांधला एवढंच लिहिलं आहे. ख्रिस्ती पुण्यकर्माभोवती ड्रॅगनची गोष्ट कोरायला कुणाची हरकत नव्हती.

दुसरं चित्र नॉर्वेतल्या हिलेस्टाडच्या लाकडी चर्चचं. चर्च सतराव्या शतकात पाडलं गेलं, पण १२०० च्या सुमाराचे कोरीव दारखांब ऑस्लोच्या संग्रहालयात आहेत. त्यात लोहारकाम, ऐरणीवर मोडलेली तलवार, काळीज भाजणं आणि शेवटी सापांच्या खड्ड्यात पायाने वीणा वाजवणारा गुन्नार, सगळं चित्रकथेसारखं ओळीने येतं.

पायरी ६: मग निबेलुंगेनलीड

हे १२०० च्या सुमाराचं मध्ययुगीन जर्मन काव्य, ३९ सर्गांचं, कवी अज्ञात. इथे ड्रॅगन शोधायला जाल तर हिरमोड होईल. तिसऱ्या सर्गात झीगफ्रीड वर्म्सला, गुंथरच्या दरबारी येतो तेव्हा हागेन खिडकीतून त्याला पाहतो आणि त्याच्या पराक्रमांची यादी सांगता सांगता ड्रॅगनही उरकून टाकतो: याने ड्रॅगन मारला, रक्तात आंघोळ केली, कातडी शिंगासारखी टणक झाली. बस्स. पक्षी नाहीत, लोहार नाही, भाजलेलं काळीज नाही. सोनं आन्द्वारीचं नसून निबेलुंग नावाच्या राजघराण्याचं आहे आणि ते वेगळ्याच लढाईत मिळालेलं आहे.

म्हणून तिसरा सर्ग वाचून सरळ चौदाव्यावर जा आणि सतराव्यापर्यंत वाचा. नदीवरचं भांडण इथे वर्म्सच्या चर्चच्या दारात, आधी आत कुणी जायचं यावरून होतं. क्रीमहिल्ड नवऱ्याच्या काळजीपोटी हागेनला सांगून बसते, की आंघोळ करताना खांद्यांच्या मध्ये लिंडन झाडाचं पान पडलं होतं, तेवढीच जागा मऊ राहिली. आणि त्या जागी कपड्यावर खूणही शिवून देते. दुर्योधनाची मांडी माहीत असलेल्या वाचकाला पुढचं सांगायला नको. शिकारीच्या दिवशी हागेन दारू मुद्दाम दुसरीकडे पाठवतो. तहानेला झीगफ्रीड झऱ्यावर वाकतो, शस्त्रं आधीच बाजूला नेलेली असतात, आणि भाला खुणेवर बसतो. ए. टी. हॅटो यांचं १९६५ चं गद्य भाषांतर सरळ आहे. पुण्या-मुंबईत जर्मन शिकलेल्यांनी जुनी आणि आजची जर्मन समोरासमोर छापलेली आवृत्ती घ्यावी. जुनी जर्मन वाटते तितकी परकी नाही.

उरलेले वीसेक सर्ग क्रीमहिल्डच्या सूडाचे आहेत. लांबण आहे, पण शेवट जबरदस्त.

पायरी ७: वाग्नर सगळ्यात शेवटी

जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरची चार ऑपेरांची मालिका ऑगस्ट १८७६ मध्ये बायरॉइटला पहिल्यांदा पूर्ण सादर झाली. सगळी मिळून साधारण पंधरा तास चालते. त्याने नावं जर्मन ठेवली, मसाला मात्र मुख्यतः आइसलँडचा घेतला आणि वर स्वतःची भर घातली. ऱ्हाइनच्या जलकन्यांकडून चोरलेलं सोनं ही त्याची भर. आधी ऑपेरा पाहिला की ती जुन्या पुस्तकांत शोधत बसता, म्हणून ही पायरी शेवटी. सुरुवात तिसऱ्या ऑपेराच्या दुसऱ्या अंकापासून करा: जंगल, पक्षी आणि ड्रॅगन तिथेच आहेत.

वाटेत जपायचं ते

इतिहास शोधायचा मोह होतो. काही धागे पक्के आहेत: ऱ्हाइनकाठच्या बर्गुंडी लोकांचं राज्य ४३६-४३७ च्या सुमारास मोडलं आणि त्यांचा राजा गुंडाहार म्हणजेच गोष्टीतला गुन्नार, अटिला ४५३ मध्ये मेला. खुद्द सिगुर्डमागे ५७५ मध्ये खून झालेला फ्रँक राजा सिगिबर्ट आहे असं काही अभ्यासक म्हणतात, कारण त्याच्या राणीचं नाव ब्रुनहिल्ड होतं. इतर काहीजण रोमन फौजेला हरवणाऱ्या आर्मिनियसचं नाव घेतात. दोन्हींपैकी एकही सिद्ध झालेलं नाही. आणि सिगुर्डला ‘व्हायकिंग’ म्हणू नका. गोष्टीतला काळ व्हायकिंगांच्या कितीतरी आधीचा आहे.

दुसरी सावधगिरी राजकारणाची. पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर जर्मन सेनापती हिंडेनबर्गने जर्मन सैन्याची तुलना हागेनच्या भाल्याने पडलेल्या झीगफ्रीडशी केली, आणि जानेवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडला सैनिक मरत असताना नाझी नेता गोरिंगने भाषणात निबेलुंगेनलीडच्या शेवटाकडच्या जळत्या महालाचा दाखला दिला. आजही इंटरनेटवर रून आणि सिगुर्ड यांच्या आडून वंशश्रेष्ठत्वाचा माल विकणारे आहेत. पान उघडताच ‘शुद्ध रक्त’ वगैरे भाषा दिसली की ते बंद करा.

एवढं झाल्यावर मागे ठेवलेली पहिली बारा प्रकरणं वाचून टाका. मग पुढचं पुस्तक आपोआप ठरतं. सागाच्या १४०० च्या सुमाराच्या जुन्या हस्तलिखितात तिच्या पाठोपाठच रॅग्नार लोडब्रोकची सागा येते, कारण रॅग्नारची बायको आस्लाउग ही सिगुर्ड आणि ब्रिनहिल्डची मुलगी. टीव्हीवर रॅग्नार पाहिलेल्यांना तिथून वाचायला सोपं जाईल.